दोन हाका

घरतसाहेब गेल्याचं मला शहापूरच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या जुन्या कार्यालयातले शिपाई सावंतमामा मुरबाडच्या गाडीतून उतरले, मला बघून थांबले, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, घरतसायेब गेले. परवाच्या दिवशी." आणि माझ्या तोंडून निघालं, "का?" आता माणूस गेला म्हटल्यावर 'का' कुणी विचारतं? 'कसे' विचारतात, 'काय झालं होतं' विचारतात. सावंतमामा माझ्याकडे बघत राहिले, मग एकदम हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "त्यांनी पण हेच विचारलं असतं," म्हणाले. दामोदर घरत या माणसाबरोबर ज्यांनी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांच्या जिभेवर तो एक शब्द बसलेला आहे. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'का-साहेब' म्हणायचे. मीही म्हणायचे. स्टँडवरच्या त्या भेटीला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी चार शब्द लिहून मागितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी टायपिस्ट. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द टाइप केले, आपले लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला घरतसाहेबांबद्दल एक ओळ लिहिता येणार नाही. तेव्हा सांगतेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचं काम निघालं होतं. घरं कुठे वाढतील, रस्ते कुठून जातील, कारखाने कुठे बसतील, शेती आणि रान कुठे तसंच ठेवायचं, हे सगळं एका नकाशावर रंगवायचं. पिवळा रंग म्हणजे राहण्याची जागा, हिरवा म्हणजे शेती नाहीतर रान. ऐकायला सोपं. पण पिवळ्यात असलात तर घर बांधायची परवानगी, वाढवायची परवानगी. हिरव्यात असलात तर तुमच्या आजोबांच्या वेळचं घर असलं तरी कागदावर तिथे भातच उगवतंय. त्या कामासाठी शहापुरात भाड्याच्या तीन खोल्यांत एक कार्यालय उघडलं होतं आणि मी तिथे हंगामी टायपिस्ट म्हणून लागले. घरतसाहेब रचना सहायक, म्हणजे गावोगाव फिरून प्रत्यक्षात काय आहे ते वहीत लिहून आणणारा माणूस. मूळचे सिद्धगडाच्या पायथ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, आणि बोलणंही तसंच राहिलं होतं. साहेबलोकांसमोर 'नाही' म्हणायचे, आणि दार लागलं की 'नाय'.

विचारायचं वेड म्हणजे किती असावं? डोळखांबच्या बाजूला एका पाड्यात तक्ता भरायला गेले. रकाना होता 'घरांची संख्या'. विचारलं, किती घरं? तिथली एक म्हातारी म्हणाली, "आता का पावसात?" दुसरा कुणी असता तर आकडा टाकून निघाला असता. हे तिच्या ओटीवर बसले. असं का? तर भात कापून झालं की अर्धा पाडा वीटभट्टीच्या कामाला जातो, दारांना काट्या लावून घरं बंद, आणि पेरणीला परत. ऑफिसात येऊन यांनी एका रकान्याचे दोन केले, पावसातली घरं आणि उन्हाळ्यातली घरं. वरचे साहेब चिडले. "अहो घरत, घर हे घर असतं, ते ऋतूप्रमाणे बदलत नाही." त्यावर हे अगदी शांतपणे म्हणाले, "का नाही?" पुढे ते दोन रकाने वरून काढूनच टाकले, पण यांच्या वहीत राहिले. भातसानगरला धरणाच्या वसाहतीत गेले तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारत बसले, रिटायर झाल्यावर तुम्ही कुठे जाणार, गावाला का इथेच? आराखड्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. पण त्यांचं म्हणणं, वीस वर्षांचं लिहायचं तर माणसाला वीस वर्षांचं विचारायला नको? एका गावात एका आजोबांना विचारलं, "बाबा, वीस वर्षांनी तुमी कुठं असाल?" आजोबा म्हणाले, "हितंच. वर नाय तर खाली." हे उत्तर त्यांनी जसंच्या तसं लिहून आणलं. मी म्हटलं, साहेब, हे कुठल्या रकान्यात टाइप करू? तर म्हणे, "शेऱ्यात."

त्यांची पेन्सिल नेहमी टोकदार. दिवसातून दहादा टोक काढायचे, टेबलाखाली सगळा भुसा. मी एकदा वैतागून म्हटलं, साहेब, पेन्सिल लिहायला असते का तासायला? तर मला नकाशापाशी नेलं आणि एक बारीक रेघ दाखवली. "ही रेघ जमिनीवर किती रुंद, म्हायती आहे? बैलगाडी आरामात जाईल. टोक बोथट झालं तर कुणाचं तरी अंगण जातं, बाई." त्या दिवसापासून मी टोकाबद्दल बोलले नाही. शर्टाच्या खिशात तंबाखूची पितळी डबी असायची आणि तिच्यात तंबाखू नव्हे, खोडरबर. ते फक्त नकाशासाठी. पाहणीच्या वह्या वेगळ्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, लांबट, आणि त्यांच्याबाबतीत नियम कडक. वहीत खोडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. "आपण कुठं चुकलो ते पण पुढच्याला कळायला नको?" एकदा मी त्यांच्या वहीतला एक चुकलेला आकडा रबराने पुसून नीट करून दिला, मोठ्या हौसेने. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

या वह्यांतच हाक आली. आमच्या भागात जुनी माणसं अंतर मीटरमध्ये सांगत नाहीत. एक हाक, दोन हाका. इथून हाक मारली आणि तिथे ऐकू गेली की ती एक हाक. ऐकणाऱ्याने वळून पुढे मारली की दोन. घरतसाहेबांना हे माहीत होतंच, तेही त्यातलेच. पण माहीत असलेल्या गोष्टीचंही त्यांना कुतूहल असायचं, हे मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. एक हाक म्हणजे किती? मग टेप घेऊन हाका मोजायला लागले. सावंतमामांना लांब उभं करायचं आणि गावातल्या कुणाला तरी हाक मारायला लावायची. माळावरची वेगळी निघाली, रानातली वेगळी. बाईची हाक पुरुषाच्या हाकेपेक्षा लांब जाते, हे एका दुपारी त्यांनी आम्हाला असं सांगितलं की जणू बढतीचीच बातमी. "का, ते म्हायती नाय. पण जाते." पुढे पुढे लिहायचा कंटाळा येऊन वहीत नुसतं 'हा.' टाकायला लागले. एक हा., दोन हा. पण ही सगळी सुरुवात झाली खांडशेतपासून, आणि खांडशेतच्या पानावर शब्द पुरा होता. खणखणीत अक्षरात, दोन हाका.

खांडशेत माझं गाव. म्हणजे गाव एका बाजूला, मधे सरपंचांचं शेत, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे आमची बौद्धवाडी. सरकारदरबारी गाव म्हणजे गावठाण, आणि आमची वाडी त्यात नाही. कधीच नव्हती. बाप गेल्यावर आई तिथे एकटी राहायची, कुडाच्या भिंतींचं घर, मागची भिंत कललेली आणि तिला बाहेरून एक वासा टेकवून ठेवलेला. दर पावसाळ्यात मी इकडे शहापुरात खोलीवर झोपायचे आणि डोक्यात तो वासा. पक्कं बांधायचं म्हणून आई ग्रामपंचायतीत चार वेळा गेली, चारही वेळा एकच उत्तर, तुझं घर गावठाणात नाय. आता आराखड्यातला नियम असा होता की गावठाणापासून ठरावीक अंतरात जी वस्ती येईल ती पिवळी. त्याच्या बाहेरची हिरवी, आणि वीस वर्षं हिरवी. एक हाक त्या अंतरात बसत होती. दोन बसत नव्हत्या. आई तेव्हा साठीला आलेली. वीस वर्षांनी ती वर असेल का खाली, हे मला काही कुणी विचारलं नव्हतं, पण मी दुसरं काही मनात आणू शकत नव्हते.

घरतसाहेब खांडशेतला गेले तेव्हा ओढ्याला पाणी होतं, टेप पलीकडे नेता आली नाही. म्हणून त्यांनी लोकांनी सांगितलं ते लिहिलं, दोन हाका, आणि पुढे कंसात 'पाणी उतरल्यावर मोजणे'. मग वरून घाई झाली आणि सगळ्या वह्या टाइपाला माझ्याकडे आल्या. दुपारची वेळ. मशीनवर कागद चढवलेला, रकाना 'गावठाणापासून अंतर'. मी 'दोन' मारलं. 'हा' मारलं. आणि थांबले... पुढे 'का' मारायचं होतं. मी 'त' मारला. दोन हात. कंसातलं गाळून टाकलं. चूक झाली असं म्हणायचा मोह मला आजही होतो. पण चूक नव्हती. बाकी कुठल्याही पानावर माझं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. बोट थरथरलं वगैरे काही नाही, उलट एका ठोक्यात स्वच्छ उमटला तो 'त'. दुसऱ्या दिवशी नकाशा रंगवणाऱ्या आरेखकाने तक्ता वाचला, "दोन हात म्हणजे लागूनच की," म्हणाला, आणि ब्रश बुडवून गाव आणि आमची वाडी एकाच पिवळ्या डागात रंगवून मोकळा झाला.

नकाशा तहसील कचेरीच्या व्हरांड्यात लागला, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायला. मी आईला मुद्दाम घेऊन गेले. तिला नकाशा वाचता येत नव्हता. मी बोट ठेवून दाखवलं, हे आपण. ती बराच वेळ त्या पिवळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "व्हळ कुठं गेला गो?" मी नकाशावरचं बोट काढून घेतलं. ओढा खरंच नव्हता. दोन हातांत ओढा कसा मावणार? आणि अक्षरओळख नसलेल्या आईला जे दिसलं ते आठ दिवसांत सरपंचांनाही दिसलं. तणतणत ऑफिसात आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं शेत नकाशावरून गेलं होतं. "सायेब, वाडीला माझी हरकत नाय. पण माझं अख्खं दोन खंडी भाताचं शेत तुमी दोन हातांत बसवलंत, ते कसं?" सगळं ऑफिस खो खो हसलं. मी मशीनवर कोरा कागद चढवून उगाच टाइप करत राहिले. घरतसाहेबांनी मी टाइप केलेला तक्ता मागवला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मी वाट बघत होते की आता 'का' येईल. आला नाही. नुसते म्हणाले, "बाई, उद्या खांडशेतला जायचं. तुमी पण चला, लिहून घ्यायला."

दुसऱ्या दिवशी ओढ्याला घोट्याएवढंच पाणी होतं. टेप सरळ पलीकडे गेली. आकडा आला तो त्यांनी मला सांगितला आणि मी तो लिहिला. ठरावीक अंतराच्या कितीतरी बाहेर. मी वही मिटली, म्हटलं झालं, संपलं, आईची भिंत आता आहे तशी. पण घरतसाहेबांनी टेप गुंडाळली तरी ते निघेनात. सरपंचांचे म्हातारे वडील काठी टेकत आले होते, त्यांना विचारलं, "आजोबा, पूर्वी वाडीला हाक कुठून मारायचे?" आजोबा गावाच्या कडेच्या चिंचेखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. ओढ्याकाठी एक सपाट धोंडा आहे, लहानपणी आम्ही त्यावर कपडे वाळत घालायचो. आई त्यावर उभी होती. तिने हाक ऐकली, वळली आणि वाडीकडे पुढची हाक मारली. वाडीतून कुणीतरी 'ओ' दिली. घरतसाहेब धोंड्यापाशी आले. "तुमी हितंच का उभ्या ऱ्हायलात?" आई म्हणाली, "का म्हंजे? हितंच ऱ्हायचं असतं. माझा सासरा हितं बसायचा. पाण्याच्या आवाजानं हाक वाडीत पोचायची नाय, म्हनून गावानं आमच्यातला एक मानूस हितं बसवलेला. पाळीपाळीनं. ढोर मेलं, सांगावा धाडायचा, सरकारी मानूस आला... हाक आली का जेवान टाकून पळायचं."

"मग वाडी व्हळाच्या अलीकडं का नाय बांधली?" त्यांनी विचारलं. आई हसली. तिचं ते हसू मला अजून दिसतं, आणि अजून बरं वाटत नाही. "बांधू दिली असती तर ना. हाक ऐकू येईल एवढं जवळ ऱ्हायचं, नि नजरंला पडणार नाय एवढं लांब. ते अंतर आमी नाय ठरवलं, सायेब." मग म्हणाली, "हाक मारायला आमी गावात, नि घर बांधायला गावाभायेर?" आजोबा काठीच्या टोकाने माती उकरत उभे होते. त्यांनी ते नाकारलं नाही. घरतसाहेब माझ्याकडे वळले. "हे लिहा, बाई. आई बोलल्या तसंच." मी लिहीत होते आणि मला माझीच लाज वाटत होती. त्या 'त'ची नव्हे... ती वेगळी. लाज याची की मी त्या धोंड्यावर लहानाची मोठी झाले, त्यावर परकर वाळवले, आणि हा धोंडा इथे का, असं मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. परक्या गावच्या माणसाने येऊन ते विचारलं.

त्यांनी शेरा लिहून मला टाइपाला दिला. 'दोन हात ही नोंद चुकीची, वाचावे दोन हाका, मोजलेले अंतर सोबत. सदर वस्ती गावठाणानेच आपल्या कामासाठी हाकेच्या टप्प्यात वसवलेली असल्याने ती अंतराच्या नियमाबाहेर असूनही गावठाणाचा भाग समजावी व स्वतंत्र पिवळी दाखवावी.' 'हाका'तला 'का' मी तीनदा तपासला. मग चौकशी लागली. चुकीची नोंद नकाशापर्यंत गेलीच कशी? लिहिणाऱ्याची चूक का टाइप करणारीची? मी हंगामी, माझं काम एका सहीने गेलं असतं. वरच्या साहेबांनी मूळ वही मागवली. घरतसाहेबांनी कपाट उघडलं, पाठमोरे उभे राहून जरा वेळ वही चाळली, आणि आत गेले. मी बाहेर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्या पानावर 'दोन हाका' किती ठसठशीत लिहिलंय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? दहा मिनिटांनी ते बाहेर आले. "आमचं अक्षर नडलं," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाईंनी काय करायचं? दिसलं ते टाइप केलं." त्यांना ठपक्याचं पत्र मिळालं, निष्काळजीपणे नोंद घेतल्याबद्दल. त्या पत्रापायी त्यांची बढती पुढे काही वर्षं अडकली, हे मला फार नंतर सावंतमामांकडून कळलं. मला मात्र तेव्हापासून एकच कोडं. वरच्या साहेबांना चष्मा होता, डोकं होतं. त्यांना 'दोन हाका' वाचता आलं नाही? का माझीच आठवण खोटी, आणि त्या पानावरही नुसतं 'हा.'च होतं?

आराखडा मंजूर होऊन यायला इतकी वर्षं गेली की मधे शतक बदललं. त्यातले तुटक रेघांचे कितीतरी रस्ते अजून तुटक रेघांतच आहेत, आणि जिथे हिरवं रंगवलं होतं तिथे कुठे कुठे फार्महाऊसच्या कमानी उभ्या राहिल्या. पण खांडशेतला दोन पिवळे डाग आले. एक मोठा, एक नखाएवढा, आणि मधे निळी बारीक रेघ. ओढा आपल्या जागी परत आला होता. कागद हातात पडल्यावर आईने विटांचं घर बांधलं. गृहप्रवेशाला घरतसाहेब मुरबाडहून आले, बुद्धवंदना चालू असताना मागे भिंतीला टेकून बसले, आणि जेवताना आईला विचारलंच, स्वयंपाकघर ओढ्याच्या बाजूला का घेतलं? आई म्हणाली, "कान तिकडं असतो ना मेला, सवय." त्या घरात आई सात पावसाळे राहिली. एकाही पावसाळ्यात मला शहापुरात जाग आली नाही.

पुढे मी कायम झाले, दुसऱ्या कार्यालयात गेले, घरतसाहेब निवृत्त झाले. वर्षातून एकदोनदा मुरबाडला त्यांच्याकडे जाणं व्हायचं. मला त्यांनी काय काय विचारलं नाही? वंदना पालीत का, टाइपरायटरवर अक्षरं अशी विस्कटून का लावलेली, लग्न का केलं नाही. हेसुद्धा विचारलं, आणि मी उत्तरही दिलं. पण 'हात' कसं झालं, हे एकदाही नाही. गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा अंथरुणात होते, सलाइनच्या नळीकडे बघत. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "साहेब, एक सांगायचं होतं. खांडशेतचं..." त्यांनी मोकळा हात वर केला. "मी विचारलं का?" मी म्हटलं, नाही. "मग?" आणि लगेच, "तिकडं घरं किती झाली आता? का पावसात विचारू?" स्वतःच हसले आणि हसताना त्यांना ठसका लागला. मला राग आला होता, खरं सांगते. साऱ्या दुनियेला विचारून बेजार करणारा माणूस, आणि मी आपणहून सांगायला गेले तर ऐकून घेईना.

तेराव्यानंतर वहिनींनी निरोप पाठवून बोलावलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "हे तुम्हाला द्यायला सांगून ठेवलं होतं. का, ते नाय सांगितलं." घरी येऊन सोडलं तर निळ्या पुठ्ठ्याची वही. पानोपान त्यांचं अक्षर, जागोजाग आडव्या रेघा मारलेल्या चुका, आणि प्रत्येक रेघेखालचं अजून वाचता येतं. खांडशेतचं पान काढलं. 'दोन हा', मग रिकामी जागा, मग कंस, 'पाणी उतरल्यावर मोजणे'. म्हणजे माझीच आठवण खोटी होती तर... असं वाटलं, पण ती रिकामी जागा जरा जास्तच रिकामी होती. पान सगळं तपकिरी झालेलं, आणि तेवढीच जागा पांढुरकी, खरखरीत. खिडकीशी नेऊन पान तिरपं धरलं. टोकदार पेन्सिलीचा दाब कागदात राहतो. 'क' दिसला, त्याच्यापुढचा काना दिसला. सगळी वही मी पुन्हा पहिल्यापासून उलटली. रबर त्या एकाच ठिकाणी लागलंय. कपाटापाशी पाठमोरे उभे होते ना, तेव्हाच. नुसत्या 'हा'चं मी 'हात' केलं, तर चूक अर्धवट लिहिणाऱ्याचीच ठरते.

ज्याला त्याला 'का' विचारणाऱ्या माणसाने आयुष्यात एकच 'का' खोडला, आणि तो माझ्यासाठी.

वही आता माझ्या टेबलावर असते. मी ती जागा पेन्सिलीने भरलेली नाही. पण आपण कुठे चुकलो ते पुढच्याला वाचता आलं पाहिजे, हा त्यांचाच नियम, म्हणून हे सगळं लिहिलं. आणि तुम्ही विचारलं नाहीत, साहेब, विचारू दिलंही नाहीत, तरी सांगते. मागच्या भिंतीला वासा लावलेला होता आणि आत आई झोपत होती. म्हणून.